भातखाचरातील स्थलांतरी फुलपाखरू : स्किपरची ओळख व निरीक्षण

लावणी आटोपून दोन-तीन आठवडे झाले, रोपांनी मूळ धरले आणि नवे फुटवे दिसू लागले, म्हणजे कोकणातील व मावळातील भातखाचरांवर तपकिरी रंगाची लहान फुलपाखरे फिरू लागतात. त्यांचे उडणे इतर फुलपाखरांप्रमाणे संथ व डुलत नसते. एका पानावरून उठून ती झटक्यासरशी दुसऱ्या पानावर जातात, क्षणभर टेकतात आणि पुन्हा उडतात. पावसाची उघडीप होऊन ऊन पडले की ती अधिक दिसतात; आभाळ भरून आले की पानांच्या आड जातात. पुढे काही दिवसांनी थोड्या पानांच्या कडा खाल्लेल्या दिसतात, काही पाने दुमडून चिकटलेली आढळतात, आणि शेतकरी औषधाचा पंप बाहेर काढतो. ही घाई बहुधा अनाठायी ठरते. जी फुलपाखरे उडताना दिसतात ती भाताचे काहीच खात नाहीत, आणि जी अळी पान खाते ती फवारणी करणाऱ्याने पुष्कळदा पाहिलेलीच नसते. दुमडलेल्या पानात कोणती अळी आहे हे न पाहता केलेला खर्च वाया जातो एवढेच नव्हे, तर त्यातून अधिक मोठे संकट ओढवण्याचा संभव असतो.

या फुलपाखरांच्या कुळाला इंग्रजीत स्किपर, म्हणजे उड्या मारीत जाणारे, असे नाव आहे, आणि ते अगदी समर्पक आहे. या कुळातील काही जाती ऋतुमानाप्रमाणे फार लांबचा प्रवास करतात. भातावर वाढणाऱ्या अशाच एका जातीचा जपानमध्ये कसून अभ्यास झालेला असून त्यातून भात उत्पादकाला पुष्कळ शिकण्यासारखे आहे. परंतु आधी ओळख हवी.

फुलपाखराची ओळख

स्किपर प्रथमदर्शनी पतंगासारखे वाटते. शरीर जाड व केसाळ, डोके रुंद, डोळे मोठे आणि पंख शरीराच्या मानाने आखूड असतात. मिशा पाहिल्या म्हणजे मात्र शंका राहत नाही. डोक्यावर त्या एकमेकींपासून दूर उगवतात, टोकाशी जाड होतात आणि अगदी शेवटी आकड्यासारख्या मागे वळतात. बसण्याची रीतही निराळी आहे. भातावरील स्किपर उन्हात बसले म्हणजे पुढचे पंख अर्धवट उभे व मागचे पंख आडवे पसरलेले ठेवते. दुसरे कोणतेही फुलपाखरू असे बसत नाही.

महाराष्ट्रातील भातावर प्रामुख्याने आढळणारी जात म्हणजे पेलोपिडास मॅथियास. पंख पसरले असता त्याची रुंदी सव्वा ते दीड इंच भरते. रंग काळपट तपकिरी, त्यावर किंचित हिरवट-पिवळी झाक असते, आणि पुढच्या पंखांवर काचेसारखे अर्धपारदर्शक पांढरे ठिपके असतात. नराच्या पुढच्या पंखाच्या वरच्या बाजूस एक बारीक, तिरपी, राखाडी रेघ असते. मादीत ती नसते. मागच्या पंखाच्या खालच्या बाजूस लहान पांढऱ्या ठिपक्यांची कमानदार ओळ असून त्या ओळीच्या आत, पंखाच्या बुडाकडे, एक ठिपका वेगळा पडलेला दिसतो. बोर्बो सिन्नारा नावाची दुसरी एक जात याच्यासोबत खाचरात आढळते. तिच्या नराच्या पंखावर तशी रेघ नसते आणि मागच्या पंखावरील तो वेगळा ठिपकाही नसतो.

जपानमध्ये प्रसिद्ध असलेली जात पार्नारा गुट्टाटा ही होय. भारतात ती हिमालयाच्या बाजूस आढळते. तिची जवळची भाऊबंद फुलपाखरे महाराष्ट्रातही आहेत. पार्नारा गुट्टाटाच्या मागच्या पंखावर चार ठसठशीत पांढरे ठिपके असतात व ते जवळजवळ एका सरळ रेषेत असतात. जपानी भाषेत तिला इचिमोन्जी-सेसेरी म्हणतात. जपानी लिपीत एक हा आकडा एका आडव्या रेघेने लिहितात. त्या रेघेसारखी ठिपक्यांची ओळ असलेले स्किपर, असा या नावाचा अर्थ. ज्याने हे नाव ठेवले त्याने ओळखीची खूणच नावात घालून ठेवली. ओळ सरळ की कमानदार, एवढे पाहिले तरी निम्मे काम होते.

पान पाहून अळी ओळखावी

मादी पानावर एकेक अंडे सुटे घालते. अंडे पांढुरके, मोत्यासारखे, खालून चपटे आणि नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढे असते. चार-पाच दिवसांत त्यातून अळी बाहेर पडते व ताबडतोब पानाची कड किंवा शेंडा दुमडून रेशमी धाग्याने टाके घालते. या घरात ती दिवसा राहते आणि मुख्यतः रात्री खाते. वाढेल तसे घर अपुरे पडते, मग ती अधिक रुंद पानावर नवे घर करते किंवा अनेक पाने एकत्र ओढून जुडी बांधते. दोन ते तीन आठवड्यांत ती सुमारे दीड इंच लांब होते. रंग फिकट हिरवा, शरीर मध्यभागी जाड व दोन्ही टोकांस निमुळते. डोके मोठे आणि त्यामागची मान बारीक, त्यामुळे डोके निराळे बसविल्यासारखे वाटते. पेलोपिडास मॅथियासच्या अळीच्या डोक्यावर दोन्ही बाजूंस तांबूस उभे पट्टे असतात. ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही.

कोष हिरवट किंवा फिकट तपकिरी असून त्याचे टोक चोचीसारखे टोकदार असते. पेलोपिडासचा कोष पानाच्या खालच्या बाजूस उघडाच असतो आणि कमरेभोवती एका धाग्याने बांधलेला असतो. पार्नारा गुट्टाटा मात्र पानांच्या जुडीतच कोष करते. भाताची अनेक पाने ओढून केलेली ती जुडी पाहून जपानी शेतकऱ्यांनी या अळीला भाताची त्सुतो-अळी असे नाव दिले. त्सुतो म्हणजे पेंढ्यात गुंडाळून बांधलेले गाठोडे. कोकणात बियाणे राखण्यासाठी पेंढ्याची मुडी बांधतात, तिचेच हे लहान रूप समजावे.

दुमडलेले पान दिसले म्हणजे स्किपरच, असे मात्र नाही. भातावर पान गुंडाळणाऱ्या व खाणाऱ्या अळ्या अनेक आहेत व त्यांच्या बंदोबस्ताचे मार्ग निरनिराळे आहेत. पाने गुंडाळणारी अळी म्हणून जी खास ओळखली जाते ती पानाची लांबट गुंडाळी करते आणि आत राहून केवळ हिरवा भाग खरवडते. त्यामुळे पानावर पांढरे पट्टे उमटतात, पण पान अखंड राहते. ती अळी बारीक व पिवळसर हिरवी असून बोट लावताच वळवळत मागे सरते. तिचा पतंग गवती पिवळ्या रंगाचा, नागमोडी काळपट रेघांचा असतो. सुरळीतील अळी पानाचा शेंडा कापून त्याची नळी करते व नळीसह पाण्यावर तरंगते. लष्करी अळी घर करीत नाही. ती दिवसा बुंध्याशी दडते आणि रात्री पाने फस्त करते. डोक्यावर दोन शिंगे असलेली हिरवी अळी दिसल्यास ती निराळ्याच एका फुलपाखराची असते. स्किपरची अळी पान खरवडीत नाही. ती कडेपासून आत खात जाते आणि पुष्कळदा मधली शीर तेवढी शिल्लक ठेवते.

दुमडलेले घर उघडून पाहिले तर आत विष्ठा फारशी आढळत नाही, याचे पुष्कळांना नवल वाटते. या कुळातील अनेक अळ्या विष्ठेची गोळी शरीराच्या कित्येक पट लांब भिरकावून देतात. विष्ठेच्या वासावरून शिकारी गांधीलमाशा अळीचा माग काढतात, तेव्हा घर स्वच्छ ठेवणे हा तिच्या जिवाचा प्रश्न असतो.

जपानमधील स्थलांतर

जपानच्या मध्य भागात पार्नारा गुट्टाटाच्या वर्षातून साधारणपणे तीन पिढ्या होतात. हिवाळा अळीच्या अवस्थेत, गवतावर जातो. वसंत ऋतूत त्या अळ्यांची वाढ पुरी होऊन उन्हाळ्याच्या सुरुवातीस फुलपाखरे निघतात. ती नुकत्याच लावलेल्या भाताकडे येतात व तेथे अंडी घालतात. भातावर वाढलेल्या या अळ्यांच्या पिढीनेच पिकाचे नुकसान होते. ऑगस्टच्या सुमारास पुढची फुलपाखरे बाहेर पडतात, आणि आता मात्र त्यांचे वागणे पालटलेले असते. ज्या भातावर ती वाढली ते पीक निसवून पक्वतेकडे झुकलेले असते व त्याची पाने राठ होऊ लागतात. ऑगस्टअखेर व सप्टेंबरमध्ये ही फुलपाखरे मोठ्या संख्येने निघतात. जमिनीपासून थोड्याच उंचीवरून, मुख्यतः नैर्ऋत्येच्या दिशेने, ती एकामागून एक जात राहतात. जपानच्या पॅसिफिक किनाऱ्याकडील प्रांतांत हे दृश्य फार पूर्वीपासून लोकांच्या परिचयाचे आहे.

हा प्रवास कशाने सुरू होतो याचा शोध जपानी कीटकशास्त्रज्ञांनी घेतला. फुसाओ नाकासुजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास केलेले काम त्यात विशेष महत्त्वाचे आहे. या शोधातून असे दिसून आले की, अळीच्या वाढीच्या काळातील दिवसमान व उष्णतामान यांवरून पुढच्या फुलपाखराचा प्रकार ठरतो. उन्हाळ्याच्या प्रारंभी निघणारी फुलपाखरे व शरद ऋतूच्या तोंडाशी निघणारी फुलपाखरे एकाच जातीची असूनही स्वभावाने भिन्न असतात. दुसऱ्या प्रकारची फुलपाखरे अधिक उडतात, आणि त्यांच्या माद्या अधिक मोठी अंडी घालतात.

अंडे मोठे असण्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. प्रवासाअखेर या माद्या भातावर नव्हे तर दर्भाच्या जातीच्या राठ, रानटी गवतावर अंडी घालतात. भाताचे कोवळे पान नुकत्याच जन्मलेल्या लहानशा अळीलाही कुरतडता येते. त्या गवताचे पान तिला चावत नाही. मोठ्या अंड्यातून मोठ्या डोक्याची, मजबूत जबड्याची अळी निघते आणि ती जगते. म्हणजे मादीने पोटात बाळगलेल्या अंड्याचा आकार हा पुढे लागणाऱ्या पानाच्या मापाने ठरलेला असतो. मोठी अंडी संख्येने कमी भरतात, हा त्यातील तोटा. पण राठ गवतावर शंभर दुबळ्या अळ्यांपेक्षा थोड्या सशक्त अळ्या बऱ्या.

अधिक थंडीच्या उत्तरेकडील प्रदेशात ही जात हिवाळा काढू शकत नाही. तेथील खाचरांत दरवर्षी दक्षिणेकडून नवी फुलपाखरे येतात. म्हणून एखाद्या गावाने आपल्या शिवारातील सर्व अळ्या नाहीशा केल्या तरी पुढच्या वर्षी कीड येणारच नाही असे नाही. कोणत्या खाचरात ती अंडी अधिक घालील, एवढे मात्र शेतकऱ्याच्या हाती काही अंशी असते. उशिरा लावलेले आणि नत्रखत जास्त दिल्याने गर्द हिरवे, लुसलुशीत झालेले भात मादीला विशेष पसंत पडते, हा तेथील अनुभव आहे. आपल्याकडेही नत्र एकदम न देता हप्त्याहप्त्याने देण्याची शिफारस आहे. तीमागील अनेक कारणांपैकी कीड हे एक आहे.

सह्याद्रीतील दुसरा प्रवासी

स्थलांतर करणारे स्किपर पाहण्यासाठी जपानला जाण्याची गरज नाही. बदामिया एक्स्क्लमेशनिस ही मोठी, लांबट व अरुंद पंखांची तपकिरी जात भारतात तसेच ऑस्ट्रेलियात प्रवासी म्हणून प्रसिद्ध आहे. ती भातावर येत नाही. तिच्या अळ्या बेहडा, उक्षी अशा झाडावेलींच्या कोवळ्या पालवीवर वाढतात. पावसाळ्यात एखाद्या बेहड्याची नवी पालवी त्या पार खाऊन टाकतात, आणि फुलपाखरे निघाली की दुसरीकडे कोवळ्या पालवीच्या शोधात निघून जातात. झाड पुन्हा फुटते. बांधावरील बेहड्याची ही अवस्था पाहून भाताला धोका आहे असे समजणे चुकीचे होय. त्या अळीला भाताचे पान खाता येत नाही.

बंदोबस्ताविषयी

भातावरील स्किपरच्या अळीमुळे उत्पन्नात मोठी घट येण्याचे प्रसंग फार थोडे. अळी नव्या लावणीच्या रोपांवर अधिक आढळते आणि पाने खाल्लेली स्पष्ट दिसतात, त्यामुळे नुकसान असते त्याहून मोठे वाटते. फुटवे येण्याच्या काळात भाताचे पीक गेलेल्या पानांची भरपाई नवी पाने व नवे फुटवे काढून करते. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हे वारंवार दाखवून दिले आहे. व्हिएतनाममधील मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशात १९९० नंतरच्या दशकात, पाने खाणाऱ्या अळ्यांसाठी पहिले ४० दिवस फवारणी करू नये असा मोठा प्रचार झाला व शेतकऱ्यांनी तो मानला.

लवकर केलेल्या फवारणीचा खरा तोटा पुढे दिसतो. औषधाने अळ्यांबरोबर कोळी, ढेकणांच्या जातीचे शिकारी किडे आणि परोपजीवी माशाही मरतात, आणि मग तपकिरी तुडतुड्यांना रान मोकळे होते. इंडोनेशियात या तुडतुड्यांनी भाताची इतकी नासाडी केली की १९८६ साली तेथील सरकारला भातावर ५७ कीटकनाशकांच्या वापरास बंदी घालावी लागली. जी अळी आपोआप आटोक्यात येते तिच्यासाठी औषध मारून, जी कीड आटोक्यात राहिली असती तिला वाढवावयाचे, हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसत नाही.

स्किपरचे शत्रू पुष्कळ आहेत. तिच्या अंड्यांत ट्रायकोग्रामासारख्या अतिसूक्ष्म गांधीलमाशा आपली अंडी घालतात. अळीच्या शेजारी पांढुरक्या, कापसासारख्या बारीक कोषांचा पुंजका दिसला तर ती अळी परोपजीवी माशांच्या पिलांनी पोखरलेली आहे असे समजावे. तिला चिरडू नये. उडणारी फुलपाखरे कोळ्यांच्या गोल जाळ्यांत सापडतात. लहान खाचरात अळ्या खरोखरीच फार झाल्या तर दुमडलेली पाने हाताने वेचून अळ्या नष्ट करणे, हा सर्वांत स्वस्त उपाय होय. इतके करूनही पुढच्या नव्या पानांवर उपद्रव वाढतच राहिला तर अळीचा नमुना घेऊन जवळच्या कृषी अधिकाऱ्यास दाखवावा व कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणेच औषध निवडावे.

निरीक्षण कसे करावे

फुलपाखरांचे नुसते भटकणे व त्यांचा प्रवास यांत फरक आहे. भटकणारे फुलपाखरू फुलावर थांबते, वळते, परत फिरते. प्रवासाला निघालेले एकाच दिशेने जाते. वाटेत घर किंवा झाड आले तरी ते पुष्कळदा बाजूने न वळता वरून ओलांडते. शंका आली तर बांधावर एका जागी उभे राहून समोरची दोन झाडे किंवा दोन खुंट यांमधून पंधरा मिनिटांत किती फुलपाखरे एका दिशेला गेली व किती उलट दिशेला गेली हे मोजावे. दोन्ही आकडे जवळपास असतील तर तो प्रवास नव्हे. एका बाजूचा आकडा पुष्कळ मोठा निघाला तर तारीख, वेळ, दिशा, वाऱ्याची दिशा, ऊन-पाऊस आणि पिकाची अवस्था वहीत लिहून ठेवावी. वाऱ्याची नोंद विसरू नये. फुलपाखरे वाऱ्याबरोबर वाहत जात होती की त्याला छेदून जात होती, हे तिच्यावाचून सांगता येत नाही. हीच मोजणी दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी त्याच जागी व त्याच वेळी करावी.

असल्या नोंदींना किंमत नाही असे कोणी समजू नये. सी. बी. विल्यम्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञांनी १९३० साली फुलपाखरांच्या स्थलांतरावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचा मोठा आधार निरनिराळ्या देशांतील निरीक्षकांच्या अशाच नोंदी होत्या. शाळेच्या मुलांकडूनही हे काम उत्तम होते, कारण त्यांची नजर तीक्ष्ण असते आणि बांधावर उभे राहण्याचा त्यांना कंटाळा नसतो.

जात ओळखण्यासाठी फुलपाखरू पकडण्याची आवश्यकता नाही. सकाळी कोवळ्या उन्हात ती पंख शेकत बसतात. त्या वेळी सावली अंगावर पडू न देता हळूहळू जवळ जावे व मागच्या पंखावरील ठिपके पाहावेत. बांधावरील एकदांडीच्या फुलांवरही ती मध घेताना बराच वेळ थांबतात. खात्रीचा मार्ग मात्र अळी पाळण्याचा आहे. दुमडलेल्या पानासह एक अळी काचेच्या बरणीत ठेवावी, तोंडास मलमलीचे फडके बांधावे, रोज भाताचे ताजे पान द्यावे व जुने काढून टाकावे. बरणी उन्हात ठेवू नये आणि आत पाणी साचू देऊ नये. कोष झाल्यावर आठवडा ते दहा दिवसांत फुलपाखरू बाहेर पडते. पंख वाळेपर्यंत ते स्वस्थ बसते, तेव्हा ठिपके निवांत मोजता येतात. कित्येकदा फुलपाखराऐवजी बरणीत बारीक काळ्या माशा किंवा केसाळ राखी माशी आढळते. ती त्या अळीवर वाढलेली परोपजीवी माशी होय. तिला मारू नये. फडके सोडून बरणी ज्या खाचरातून अळी आणली त्याच खाचरात उघडी ठेवावी.